आजीच्या जागी मी

बाबा, लखनऊच्या त्या हिवाळ्याबद्दल आपण दोघं पुढे कधीच बोललो नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे. तिथल्या महानगर मोहल्ल्यातल्या आपल्या घरात, वरच्या खोलीत, तेव्हा अमेरिकेहून आलेली एक म्हातारी बाई भाड्यानं राहत होती. तिचे पणजोबा मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे प्रचारक. एकोणिसाव्या शतकात इकडे पायी फिरले होते आणि त्यांच्या रोजनिशीच्या झेरॉक्स घेऊन ती त्यांच्या वाटा शोधत होती. ऑफिसातून आलात की तुम्ही तिच्यासोबत ती रोजनिशी वाचायला बसायचात. आज कुणी ऐकलं नाही, पाय सुजले, असंच रोज. पण तुम्हाला तो माणूस आवडला होता. म्हणायचात, बिचारा सरकारी नोकरासारखी रोज हजेरी लावतो.

मग त्याच्या म्हातारपणातली एक नोंद आली. तेव्हा तो परत जाऊन वाळवंटात शेती करत होता. त्याची आई त्यांच्या पंथात येण्याआधीच वारली होती, म्हणून त्याची मुलगी आजीच्या नावानं पाण्यात उतरली आणि तिच्या जागी दीक्षा घेऊन आली. बाईच्या जागी बाईच लागते. दुसऱ्या दिवशी त्यानं लिहिलंय, गव्हाला पाणी दिलं. तुम्ही विचारलंत, ‘‘मरे हुए को पहुँचता है?’’ बाई शांतपणे म्हणाली, ‘‘पहुँचता है। मगर वो मना भी कर सकते हैं।’’ त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.

आजी आपल्या लोकांच्या दीक्षेआधीच गेली होती. ‘‘आपण सगळे बाहेर पडलो,’’ तुम्ही म्हणालात, ‘‘माझी माय अजून गावकुसाबाहेरच आहे.’’ आणि माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, ‘‘मैं ही क्यों?’’ आई स्वयंपाकघरातूनच बोलली, ‘‘हे तं सराधच झालं ना! मेलेल्याची मर्जी विचारायले निघाले, जित्याची भाजी खारट झाली ते समजत नाही.’’ तिचं खरं होतं. श्राद्ध करणार नाही, ही प्रतिज्ञाच होती आपली, आणि आत्मा मानणाऱ्यांची तुम्ही आयुष्यभर टर उडवलीत. तरी रविवारी सकाळी तुम्ही बुद्धाच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावलीत, मला आईची पांढरी साडी नेसायला लावलीत आणि आजीचं नाव घेऊन म्हणालात, म्हण. मी बावीस प्रतिज्ञा म्हणू लागले. मी लखनऊत वाढलेली, माझा ‘ण’ नेहमी ‘न’ व्हायचा, तुम्ही किती रागवायचात त्यावरून. त्या दिवशी एकही चुकला नाही. आईनं स्वयंपाकघरातला नळ बंद केला आणि दारात येऊन उभी राहिली. मला फार भीती वाटली, बाबा. बाविसावी प्रतिज्ञा संपली तरी तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहतच होतात, कुणीतरी हो म्हणेल म्हणून. तुम्ही मेणबत्ती विझवलीत आणि आपण पोहे खाल्ले.

पुढे तुम्ही अंथरुणाला खिळलात. शेवटच्या दुपारी मी तुमच्या पायाशी बसले आहे, आई आत पेज ढवळते आहे. तुम्ही डोळे न उघडता हाक मारलीत, ‘‘माय.’’ खोलीत कुणीतरी ‘‘ओ’’ दिली. तुमचा चेहरा निवला. पोरीनं ओ दिली म्हणून सुखानं गेले, असं आई अजून सगळ्यांना सांगते आणि मी मान हलवते. तुम्हालाही तसंच वाटलं असेल तर हे पत्र नकोच पोचायला. पण रडू ऐकू जाऊ नये म्हणून तेव्हा माझ्या तोंडात ओढणीचा बोळा होता.