दोनशे चाळीस पानं, बहात्तर मिनिटं

३ फेब्रुवारी

महिन्याला वीस हस्तलिखितं! संपादकबाईंनी आज सरळ सांगून टाकलं, "जमत नसेल तर वाचकाची जागाच बंद करावी लागेल." मी महिन्याला आठ वाचते. अकरा वर्षं हेच चाललंय— प्रकाशनाकडे आलेलं प्रत्येक बाड आधी माझ्या टेबलावर येतं, मी पानभर मत लिहिते, मग छापायचं की परत पाठवायचं ते ठरतं. कारकुनाने लेखकाचं नाव आधीच काढून बाडावर नुसता क्रमांक टाकायचा, ही पद्धतही माझीच. ओळखीपाळखीला थारा नको म्हणून. ही नोकरी गेली तर मला दुसरं येतं काय? काही नाही!

५ फेब्रुवारी

द्रुतवाचनाचा वर्ग लावला. शिकवणारा गृहस्थ बोलतोही तसाच, श्वास न घेता. म्हणे, मनातल्या मनात उच्चार करायचा नाही, ओळीखालून बोट फिरवायचं, आणि वाचलेल्या ओळीकडे परत वळायचं नाही. माझा वेग मोजला— मिनिटाला एकशे नव्वद शब्द. "गोगलगाय!" म्हणाला मेला. सगळ्यांसमोर!

९ फेब्रुवारी

तीनशे ऐंशी.

१४ फेब्रुवारी

नवऱ्याचा विश्वास नाही. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, घाई म्हटली की याच्या कपाळाला आठ्या. त्याने स्वतः वाचलेली एक कादंबरी माझ्यापुढे आपटली. मी पन्नास मिनिटांत उडवली, मग परीक्षा. कोण कोणाशी भांडलं, घर का विकलं, शेवटी काय झालं— सगळं बरोबर!

"आणि भाऊ गेल्याचं कळल्यावर ती काय म्हणाली?"

काही म्हणाली होती का? आठवेना. "त्याने गोष्टीत काय फरक पडतो?" मी म्हटलं. तो डोळ्याचं भिंग न काढताच माझ्याकडे बघत राहिला. जळतोय, दुसरं काय.

१९ फेब्रुवारी

आई जेवायला आली होती. माझं बोट फिरताना बघून म्हणाली, "वाचतेस की धूळ पुसतेस?" हसून हसून पुरेवाट झाली. तिला आकडा सांगितला— मिनिटाला सहाशे! "बरं गं बाई. आणि उरलेल्या वेळाचं काय करतेस?" झोपते, म्हटलं. खरंच झोपते. किती वर्षांनी दुपारची झोप मिळतेय, सुख आहे नुसतं.

२४ फेब्रुवारी

आज तीन. क्र. ३९, हेरकथा, बरी आहे. क्र. ४०, कविता— अकरा मिनिटांत सगळा संग्रह! क्र. ४१, दोनशे चाळीस पानं, बहात्तर मिनिटं. एका बाईचं साधं आयुष्य, घटना कमी, बारकावे फार. मत लिहिलं: भाषा स्वच्छ, पण नवं काही नाही. परत.

२८ फेब्रुवारी

एकवीस झाली! बाईंनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. जागा राहणार, मीही राहणार. उगाच घाबरले होते. ज्याला द्रुतवाचनाबद्दल शंका असेल त्याने खुशाल मला येऊन विचारावं. येताना स्वतःसाठी नव्या चपला घेतल्या. नवरासुद्धा म्हणाला, "चला, हरलो मी."

६ मार्च

आईकडे गेले. टेबलावर आमच्या ऑफिसचं पाकीट, वर माझ्याच अक्षरात क्र. ४१.

"नावं बदलली होती," आई म्हणाली. "टाइपही बाहेरून करून घेतलं. म्हटलं, लेकीने ओळखलं तर ओळखलं." रागावली नाही. "तुझी पद्धत मात्र चोख आहे हो. ओळखीला अजिबात थारा नाही!" असं म्हणून चहा टाकायला आत गेली.

मी खाली बसले, पहिल्या पानापासून. एकेक शब्द मनात म्हणत.

एकशे बाराव्या पानावर माझा जन्म आहे. त्या पानाला मी अठरा सेकंद दिले होते.