रविवारी जाळ्यात सापडलेला ब्रेटन

बटाट्याच्या शेतातलं जहाज,
कॉर्नवॉल, सोमवार

तीर्थस्वरूप लव्हडे मावशीस जॅगोचा वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? कोंबड्या अंडी देताहेत ना? ओबेडकाका तुला घरी एकटीला सोडून शनिवारीच पेन्झान्सला आजारी भावाकडे गेले म्हणे. चॅपेलचा कारभारी रविवारची प्रार्थना चुकवतो, म्हणजे भावाचं दुखणं तसंच भारी असणार.

तर काल आमच्या हेलिकॉप्टरनं (तू ज्याला अंडी फेटायचं यंत्र म्हणतेस ते) एका माणसाचा जीव वाचवला. इंजिन बिचारं अशक्त, म्हणून आम्ही दोघंच असतो. पुढे लेफ्टनंट पेंगेली, मागे दोर सोडणारा मी. गारठलेल्या माणसाला दोर धरवत नाही, म्हणून आरमारानं आता एक जाळं दिलंय. मासळीसारखं माणसाला पाण्यातून उपसायचं. आजवर आम्ही त्यात पेंढ्याचे बाहुलेच धरले होते, आणि त्यातलेही निम्मे निसटले.

फोन आला की चॅपेलसमोरच्या खडकापाशी होडी बुडतेय. गेलो, तर टोपी नाकापर्यंत ओढलेला एक म्हातारा डोलकाठीला मिठी मारून बसलेला. मी जाळं सोडलं तर हा ओरडतो, "आत्ता नको रे! चॅपेल सुटून लोक घरी जाऊ देत, मग या!" मी ओळखलं, हा पलीकडच्या फ्रान्सच्या किनाऱ्याचा ब्रेटन कोळी असणार. रविवार देवाचा, आपल्या गावचा माणूस त्या दिवशी मासे धरायला मेला तरी जाणार नाही. (ब्रेटनला आपल्या बोलीतल्या इतक्या शिव्या कशा येतात, हे मात्र कोडंच आहे. होडीही काकांच्या होडीसारखीच निळी होती.) तेवढ्यात लाट आली, डोलकाठी मोडली आणि म्हातारा दिसेनासा झाला. जाळं फिरवलं, रिकामं आलं. पुन्हा फिरवलं, तेव्हा जड लागलं. वर येताच पाणी थुंकत म्हणतो, "भोकं फार मोठी ठेवलीत रे, गाढवांनो!"

आता तो आमच्याकडेच आहे. आमचा तळ जमिनीवर असला तरी आरमाराच्या रिवाजानं ते जहाजच, आणि फाटकाबाहेर पडायचं म्हणजे 'किनाऱ्यावर जायचं'. ब्रेटन आधी चिडला, "समुद्रातून काढलंत ते पुन्हा जहाजावर घालायला? आणि हे बटाटे कसले?" पण आता किनाऱ्यावर जायची परवानगीही मागत नाही. किनाऱ्यावरच्या कुणाला तरी तो समुद्रापेक्षा जास्त घाबरत असावा.

तुझा,
जॅगो

ता. क. ब्रेटनची पँट समुद्रात राहिली. काकांची चॅपेलला जायची काळी पँट त्याला नेमकी बसेल, असा आपला माझा अंदाज. पाठवशील का?

आणखी ता. क. फोन कुणी केला, ते मी विचारलं. कुणी बाई होती. प्रवचन चालू असताना चॅपेलबाहेरच्या फोनवरून बोलली, नाव सांगितलं नाही. म्हणाली, "मूर्ख आहे मेला, पण डावा गुडघा दुखरा आहे त्याचा, जपून उचला." मी काकांना काही बोललेलो नाही. पँट टपालानं नको, तूच घेऊन ये. फाटकावर सांग, ब्रेटनची बायको आलीय.