बनशंकरीचं स्थळ

म्हैसूर, १९ मे १९९६

ती. त्रिविक्रमराव यांस पुरुषोत्तमचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या सहाच अंगं टेकतात, उरलेली दोन भेटीअंती). आपली साखर आटोक्यात असेल आणि सौ. ताई आपल्याला आंब्यांपासून लांब ठेवत असतील अशी आशा आहे. आम्ही उभयता सुखरूप आहोत. गाडीही आहे, फक्त तिचा हॉर्न चित्रदुर्गापासून वाजायचा थांबेना, त्याची वायर तुमकुरात तोडून टाकली.

निघताना तुम्ही म्हणालात, उटीला जाताच आहात तर वाटेत बंगळूर बघा, आणि बनशंकरीतल्या सुब्बारावांचा मुलगाही आमच्या आसावरीसाठी बघून घ्या, पसंत पडला तर तिची पत्रिका देऊन या. साडूची आज्ञा, म्हणून शहर आणि मुलगा दोन्ही बघितलं. दोन्हीत काही अर्थ नाही.

आधी शहर. भर मे महिन्यात तिथं घरोघरी पंखा बंद. उन्हाळ्यात माणसाला घाम येऊ नये हे मला काही निरोगीपणाचं लक्षण वाटत नाही. विधानसौध बघायचा तो फाटकाबाहेर उभं राहून. (सांगलीची कलेक्टर कचेरी मी आतून पाहिली आहे, आणि तिथं बसायला बाकही आहे.) लालबागेत झाडांना नावांच्या पाट्या ठोकल्यात. आमच्या परसातल्या चिंचेला पाटी नाही, पण ती चिंच आहे याविषयी आजवर कुणाला शंका आलेली नाही. सौ. सुनंदानं एकूणएक पाटी वाचली, त्यात अडीच तास गेले. डोसा चांगला मिळतो अशी बोलवा होती. एकावरून मत बनवणं न्यायाचं नाही म्हणून मी चार खाल्ले. ठीक होते.

मग सुब्बारावांचं घर शोधणं. बनशंकरीत रस्त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. आधी स्टेज, मग मेन, मग क्रॉस. सतराव्या क्रॉसनंतर अठरावा येईल असं पहिलीतलं पोरही सांगेल. तिथं बाविसावा आला. चौघांना विचारलं, तर चौघांनी मोठ्या अदबीनं चार दिशा दाखवल्या. शेवटी एक रिक्षावाला पुढं होऊन थेट दारापर्यंत सोडून गेला आणि पैसे घेईना. (रिक्षावाल्यानं पैसे न घेणं कुठल्या शहराला शोभतं?)

सुब्बारावांच्या चार पिढ्या तिथंच गेल्या. घरात मराठी बोलतात, पण ऐकताना मधूनच आपला पाय घसरतो. "या की अण्णा, बसा, स्वल्प कॉफी घ्या," म्हणाले. त्या थोड्याशा कॉफीबरोबर चित्रान्न, कोसंबरी आणि तुपात बुडवलेल्या पुरणपोळ्या आल्या, म्हणजे माणसाचं बोलणं आणि करणं यात मेळ नाही. घर दुमजली, स्वतःचं. अंगणात नारळाची चार झाडं, म्हणजे डोक्यात नारळ पडायच्या चार जागा. मुलाची आई तुंगाबाई सदा हसतमुख. अशी सासू आतून कशी असेल, कोणी सांगावं. मुलगा अवधूत कंप्युटर कंपनीत आहे. पान, सुपारी, तंबाखू काही नाही. सत्ताविसाव्या वर्षी ज्याला एक धड व्यसन नाही, त्याच्याशी चार घटका बोलायचं तरी काय? कंपनी त्याला दोन वर्षं अमेरिकेला धाडते आहे. कामाचा असता तर जवळच ठेवला नसता का? वर सुब्बाराव म्हणतात, आम्हाला देणंघेणं नको, मुलगी तेवढी द्या. ज्यांना पोटच्या मुलाची किंमत कळत नाही, त्यांना आपल्या आसावरीची काय कळणार? तेव्हा हे स्थळ डोक्यातून काढून टाका. मला पोरीची काळजी वाटते म्हणून स्पष्ट लिहिलं, राग नसावा.

आपला,
पुरुषोत्तम

ता. क. आसावरीची पत्रिका अर्थातच दिली नाही.

ता. क. २. मात्र रिकाम्या हातानं उठणं बरं दिसेना. आमच्या सुखदाची पत्रिका आणि फोटो योगायोगानं गाडीत होते, ते पाकीट सुनंदाकरवी आत तुंगाबाईंकडे पोचवलं. आमच्या अपेक्षा पहिल्यापासून कमीच. पोरीच्या नशिबी असेल ते ती सोसेल.

ता. क. ३. चौकशीसाठी सुब्बारावांनी एका नातेवाइकाचं नाव मागितलं. मला तुमच्याइतकं ओळखणारं दुसरं कोण आहे? त्यांचं पत्र येईल, चार शब्द चांगले लिहावेत. वसंताच्या मुंजीत आपल्या दोघांत जे झालं त्याचा उल्लेख नको.

ती. भावोजी आणि ताई, सुनंदाचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, खाली जागा उरली म्हणून लिहिते. सुखदाला अजून शिकायचंय, ती लग्नाचं नावही काढू देत नाही, आणि भाचीचं स्थळ पळवून मी माहेरी कुठल्या तोंडानं येऊ? पाकीट आत नेऊन दिलं ते मीच, आणि त्यात आसावरीचीच पत्रिका घातली होती. ताई, मुलगा फार गुणी आहे, मला मनापासून आवडला. तुंगाबाईंना मी सगळं नीट सांगितलंय, त्यामुळे चौकशीचं पत्र आता मुलीच्या काकांना म्हणून आमच्या पत्त्यावर येईल. उत्तर मी समोर बसून ह्यांच्याकडून लिहून घेईन. ह्यांना यातलं काही ठाऊक नाही. उद्या घाटात गाडी ह्यांनाच चालवायची आहे, म्हणून उटी होईपर्यंत सांगणारही नाही.