दांड्याचा ताण आणि अधोलीभर तांदूळ

मी, चिमाजी गेनू खुटवड, वय वर्षे अडुसष्ट, धंदा पाण्याची इंजिने व मोटारी दुरुस्त करणे, राहणार उत्रोली, तालुका भोर, जिल्हा पुणे, माझ्यामागे काय कोणाकडे जावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिलेला आहे. माझी पत्नी फुलाबाई हिला तो मान्य नाही, परंतु तिला कोणी विचारलेले नाही. कोणाच्या धाकाने वा भरीस पडून लिहीत नाही. हे माझे पहिलेच मृत्युपत्र आहे.

१. उत्रोलीचे राहते घर, परसातली दोन आंब्याची झाडे आणि बँकेतली ठेव फुलाबाईला. ती आहे तोवर घरातला एक खिळाही कोणी हलवू नये. मी हयातीत पुष्कळ हलवले आणि पुष्कळ ऐकून घेतले.

२. ओढ्याकडचे भाताचे खाचर मुलगा गोरख यास. आवणीला वाकले की पाठ धरते असे तो म्हणतो. पाठ धरत असेल तर वाट्याने लावावे, विकू नये.

३. भोरच्या दुकानातली हत्यारे माझा मित्र जगन कांबळे यास. जगन एसटी डेपोत मेकॅनिक होता आणि माझ्यापेक्षा आपल्याला जास्त कळते असे तो चाळीस वर्षे समजत आला आहे. माझा बत्तीसचा पाना त्याने नेला त्याला पंचवीस वर्षे झाली. तो आता त्याचाच. मात्र 'उद्या देतो' हे त्याने यापुढे म्हणू नये.

४. शेडमधली जेट स्की. धरणाकाठचा बोटींचा तळ बंद झाला तेव्हा ही माझ्या पदरात पडली. हिला बसायला जागा नाही, उभ्याने चालवतात. पुढे बिजागरीवर एक लांब दांडा, त्याच्या टोकाला हँडल, आणि बिजागरीत एक स्प्रिंग. दांड्याचे ओझे ती स्प्रिंग उचलते. ताण जास्त झाला तर दांडा आपोआप वर उसळतो. कमी झाला तर सगळे ओझे चालवणाऱ्याच्या हातावर येते.

ताण लावण्याची रीत अशी. दांडा पूर्ण वर उचलावा म्हणजे स्प्रिंग मोकळी होते, आणि खाली बाभळीचा ठोकळा द्यावा. स्प्रिंगचा नट जिथे आहे तिथे खडूची रेघ ओढावी. एका वेळी अर्धाच फेरा. बिजागरीत बोट घालू नये. माझ्या डाव्या करंगळीचे नख त्यात गेले आहे. मग माझ्या आईच्या लोखंडी अधोलीने, म्हणजे अर्ध्या पायलीच्या मापाने, एक माप तांदूळ पिशवीत भरावा आणि ती हँडलला टांगावी. दांडा सावकाश खाली बसला पाहिजे आणि पिशवी काढली की गुडघ्याइतका उठला पाहिजे. वजनकाटा दुकानात आहे. पण आईचे माप असताना मी काट्याला कधी हात लावला नाही. या ताठ्यानेच घात केला.

५. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले.

माझी भाची अश्विनी, बहीण मंगल हिची मुलगी, राहणार पासली, तालुका वेल्हे, हिला आमच्याकडे ठेवून घेऊन ही जेट स्की मीच शिकवली. तिच्यासारखा तोल मी कोणाचा पाहिला नाही. तीन वर्षांपूर्वी मोठ्या स्पर्धेची निवड होती. आदल्या दिवशी मी ताण लावला. घरातला तांदूळ संपला होता आणि नवे भात झोडून कणगीत पडले होते, गिरणीत गेले नव्हते. मी घाईत अधोली कणगीत बुडवली आणि सालासकट भात पिशवीत भरले. माप तेच, वजन मात्र पुष्कळ हलके, हे घाईत सुचले नाही. तेवढ्याशा वजनाने दांडा खाली बसावा म्हणून मी स्प्रिंग सैल करत गेलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच वळणाला दांडा तिच्या हातातून खाली गेला आणि हनुवटी हँडलवर आपटली. चार टाके पडले आणि निवड हुकली. मी काठावर सगळ्यांदेखत म्हणालो, "मनगटात जोर न्हाई. पोरींचं काम न्हाई हे."

संध्याकाळी ती कपडे घेऊन पासलीला गेली आणि परत आली नाही. चौथ्या दिवशी तांदूळ भरायला मी पिशवी उपडी केली, तर भात पडले आणि घोळ ध्यानात आला. ते कोंबड्यांना टाकले आणि गप्प बसलो. आजतागायत कोणाला सांगितले नाही. चूक माझी होती, अश्विनीची नव्हती. मला त्याची लाज वाटते.

६. सबब माझ्या मृत्यूनंतर जेट स्की अश्विनीला द्यावी आणि कलम पाच तिला मोठ्याने वाचून दाखवावे.

इथवर लिहून मी गुरुवारी साक्षीसाठी जगनकडे गेलो. त्याने चष्मा लावून सगळे वाचले. पान्याच्या कलमाला हसला. पाचव्या कलमाला हसला नाही.

"चिमाजी, मेल्यावर माफी मागनार व्हय तू?" तो म्हणाला. "अन् ती म्हनली, जाऊ द्या मामा, तर ऐकनार कोन? मोबाईल कुठं हाय तुजा?"

मोबाईल त्यानेच लावून माझ्या हातात दिला. मी भाताचे सांगितले.

"मामा," अश्विनी म्हणाली, "टाके घालून आले त्याच दिवशी म्या पिशवी उघडून बघितली होती."

"मग बोलली का न्हाईस गं?"

"तुमी बोलाल म्हनून थांबले."

मग तिनेच विचारले, "स्प्रिंगला ग्रीस हाय का तसंच गंजवलंय?"

७. कलम सहा मी रद्द करीत आहे. जेट स्की आज, मी जिवंत असताना, अश्विनीला दिली. ती सकाळच्या एसटीने आली. दांडा उचलून ठोकळा दिला, रेघ ओढली आणि अर्धा-अर्धा फेरा करत ताण तिने स्वतः लावला. मी फक्त पिशवी धरली. पिशवीत तांदूळ होता. अधोलीने मापून झाल्यावर तिने तो काट्यावरही तोलला, आणि मी हरकत घेतली नाही. दांडा सावकाश खाली बसला.

८. 'पोरींचं काम न्हाई' हे माझे शब्द मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष परत घेतो. ते कोणी पुढे माझ्या नावावर सांगू नयेत.

९. आईची अधोली माझ्या पश्चात अश्विनीची. आत काय भरायचे ते तिला सांगायला नको.

वरील मजकूर मी वाचून, समजून, खुशीने सही केली. साक्षीदारांनी ती पाहिली आणि माझ्यासमोर आपापल्या सह्या केल्या.

लिहून देणार: चिमाजी गेनू खुटवड

साक्षीदार: १. जगन कांबळे, भोर (पाना परत आणला होता, घेतला नाही.)
२. वनिता जगन कांबळे, भोर

ठिकाण: धरणाच्या पाण्याची कड, तालुका भोर
दिनांक: १५ डिसेंबर २०२४

ता. क. सह्या चालू असताना अश्विनीने काठाशी वळण घेतले. या कागदावरचे डाग त्या पाण्याचे आहेत, ते खाडाखोड समजू नयेत. माझ्या सहीवरचा एक डाग त्या पाण्याचा नाही. तोही खाडाखोड समजू नये.