तीनशे पंच्याहत्तरची रायफल आणि तिच्यावरची दुर्बीण

मी, एवाल्ड कावारी, वय सहासष्ट, धंदा पाहुण्या शिकाऱ्यांना जनावरापर्यंत नेणे आणि धडपणे परत आणणे, राहणार ओकाकारारापलीकडची वस्ती, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने करून ठेवतो. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. बहीण रेगीना हिने दडपण आणून पाहिले, पण ती दमली. मी शुद्धीत आहे, काही प्यायलेलो नाही, आणि डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरने डोळ्यांविषयीही दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या मी खोडायला लावल्या, कारण मृत्युपत्रासाठी कायदा फक्त डोके मागतो.

याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात रायफल कोणाला द्यायची हे लिहायचे राहिले होते, आणि मी जिवंत असतानाच त्यावरून भांडण लागले.

कलम एक. घर, त्यावरचा पत्रा, पाण्याची टाकी आणि अंगणातले बाभळीचे झाड माझी एकुलती मुलगी आल्विना हिला मिळावे. हे घर तिच्या आईने माझ्या मागे लागून बांधून घेतले. एर्ना आज असती तर घर देणारा तू कोण, असे तिने विचारले असते. तिची फार आठवण येते.

कलम दोन. आमच्या हेरेरो रीतीने माणसाची गुरे आईच्या कुळातून, म्हणजे बहिणीच्या मुलाकडे जातात. त्याप्रमाणे माझी सगळी गुरे रेगीनाचा मुलगा गेर्सन याला मिळावीत. रीत मला मान्य आहे, भाचा चालवून घेतो. काळा बैल शिंग मारतो. हे त्याला तोंडी सांगितलेले नाही, म्हणून इथे लेखी देतो.

कलम तीन. बँकेत जे काही आहे त्यातून माझे दफन करावे, उरेल ते आल्विनाचे. दफनाला गोळ्या झाडू नयेत, गुरे बुजतात. भाषणात कोणीही 'एवाल्डची नजर काय होती' असे म्हणू नये. म्हणायचेच असेल तर कुठल्या साली होती तेही सांगावे.

कलम चार. सुऱ्या, कातडी सोलायचे सामान आणि गाढवगाडी आल्विनाला. माझा माग काढणारा सोबती फिलिपुस याला या मृत्युपत्रात काहीही ठेवलेले नाही, कारण ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही आणि मला खरे बोलणारा साक्षीदार हवा आहे. त्याला द्यायचे ते मी हातानेच दिले आहे. माझी जुनी चारपट दुर्बीण आता त्याच्याकडे आहे. तो तिच्यातून शेळ्या बघतो.

कलम पाच. रायफल.

ही तीनशे पंच्याहत्तरच्या मापाची रायफल सगळ्या कामाची आहे. सकाळी उघड्या माळावर हरणासारखे छोटे स्टीनबोक मारायला चालते आणि दुपारी काटेरी झुडपात बैलाएवढ्या इलँडला आडवे करायलाही चालते. अडचण रायफलीची कधीच नव्हती. अडचण तिच्यावर बसवायच्या दुर्बिणीची असते. माळावर लांबचे जवळ दिसावे असे वाटते आणि झुडपात जवळचे सगळेच्या सगळे दिसावे असे वाटते. एका काचेला दोन्ही जमत नाही. दुर्बीण जितके मोठे दाखवते तितके थोडे दाखवते. हे मी प्रत्येक पाहुण्याला जेवताना सांगत आलो आणि प्रत्येकाने मान डोलावून दुसऱ्या दिवशी आपलेच केले.

माझ्या रायफलीवर आयुष्यभर साधी, चारपट मोठे दाखवणारी दुर्बीण होती. कमी-जास्त करायचे वळे नाही, म्हणजे ते विसरायचाही प्रश्न नाही. लोक हसले. हसणाऱ्यांत गेर्सन पुढे होता. त्याच्या दुर्बिणीला वळे होते आणि ते बारावर ठेवायची त्याला हौस होती. जखमी गेम्सबोक झुडपातून भाल्यासारखी शिंगे रोखून बाहेर आला तेव्हा गेर्सनने रायफल खांद्याला लावली आणि त्याला दुर्बिणीत एक राखाडी घोंगडी दिसली. घोंगडीला कुठे गोळी मारायची याचा तो विचार करत होता, तोवर शिंग फिलिपुसच्या मांडीतून आरपार गेले होते. गेम्सबोक मी पाडला. फिलिपुस तेव्हापासून लंगडतो. गेर्सनने दोष दुर्बिणीला दिला आणि आणखी मोठी घेतली.

गेल्या काही वर्षांत माझी दुर्बीण धुरकटली. आतली फुली, जी बरोबर जनावराच्या खांद्यावर ठेवायची असते, ती केसाळ दिसू लागली. मी दुर्बीण विंडहुकच्या दुकानात नेली. तिथला माणूस म्हणाला, काच ठणठणीत आहे. मी दुसऱ्या दुकानात नेली, तर तोही तेच म्हणाला. दोघेही नवी दुर्बीण खपवायला टपले आहेत असे मी गावभर सांगितले. नवी खपवायची असती तर जुनी बिघडली आहे असे ते म्हणाले असते, हे फिलिपुसने माझ्या लक्षात आणून दिले. मी त्याच्याशी काही दिवस बोललो नाही. चष्म्याचे कोणी नाव काढले की मी उठून जात असे, कारण चष्मा घातलेला वाटाड्या बघून पाहुणा पुढच्या वर्षी दुसरीकडे जातो.

मी फार दिवस रायफल चालवणार नाही हे सगळ्यांना दिसत होते. मलाच दिसत नव्हते. रेगीना आली आणि आंबट दुधाचा वाडगा बाजूला सारून तिने सांगून टाकले.

"दादा, ती रायफल तू आईच्या कुळातली गाय विकून घेतलीस. म्हणजे ती गायच आहे. ती गेर्सनची."

"गायीला दुर्बीण लागत नाही," मी म्हणालो.

"लावून बघितलीस कधी?"

मी वाडगा पुन्हा तिच्यापुढे सरकवला. पण आल्विना सात वर्षे माझ्या मागे झुडपात चालली आहे. तिने वाटाड्याचा परवाना काढला आहे. ती रायफल हातातून गेली तर तिला दुसऱ्याच्या शिकारतळावर पाहुण्यांच्या चादरी बदलत बसावे लागेल, आणि हे रेगीनालाही ठाऊक होते. म्हणून मी ठरवले की गाय की बंदूक हा वाद नको. दोघांनी या रायफलीला योग्य वाटेल ती दुर्बीण आणावी आणि एक हंगाम आळीपाळीने चालवावी. ज्याची निवड शहाणी, त्याची रायफल.

गेर्सनने आणलेली दुर्बीण पाण्याच्या बाटलीएवढी होती. तिच्यातून चंद्रावरचे खड्डे दिसतात, असे तो म्हणाला. चंद्राच्या शिकारीचा परवाना अजून निघालेला नाही. आल्विनाने एकपट ते सहापट होणारी आखूड, हलकी दुर्बीण आणली. तिला वळे होते म्हणून मी नाक मुरडले. मग हंगामभर मी तिचा हात पाहिला. रायफल खांद्यावरून उतरली की दुसरे काही करण्याआधी तो हात वळे एकावर आणतो. मला तक्रारीला जागा उरली नाही, आणि मला ते आवडले नाही.

हंगाम संपत आला तेव्हा निवाड्यासाठी आम्ही सगळे बाभळीखाली जमलो. गेर्सनने आल्विनाची दुर्बीण डोळ्याला लावली आणि तो हसायलाच लागला.

"मामा, बघा तरी. फुलीला दाढी आलीय! ताई हंगामभर असल्या धुरकट काचेतून मारत होती. नवी दुर्बीण, आणि वर हे असं."

मी रायफल घेतली आणि वारुळाकडे रोखून पाहिले. फुली काळीभोर होती, नुकत्याच आखलेल्या रेघेसारखी. वारुळावरची मुंगी दिसत होती. इतके स्पष्ट मला एर्ना गेल्यापासून दिसले नव्हते. मी रायफल खाली घेऊन गेर्सनकडे पाहिले. तो खोटे बोलत नव्हता, तेवढी त्याची बुद्धी चालत नाही.

"हे काय आहे?" मी आल्विनाला विचारले.

"डोळ्याजवळच्या टोकाला आणखी एक वळं असतं, बाबा. ते ज्याच्या डोळ्याप्रमाणे फिरवाल त्याला फुली स्वच्छ दिसते, बाकीच्यांना धुरकट."

दुर्बीण आणली त्या दिवशी, आत कचरा आहे का बघा, म्हणून तिने मला त्यातून गोठ्याची पांढरी भिंत बघायला लावले होते. मी कुरकुरत बघत होतो आणि ती काहीतरी फिरवत 'आता? आता?' विचारत होती. मी 'हं' म्हणालो तिथे तिने वळ्यावर नखांना लावायच्या रंगाचा ठिपका दिला होता. जुन्या दुर्बिणीलाही तसले वळे आहे म्हणे. ते आल्विनाच्या जन्माआधीच गंजून बसले.

"मग हंगामभर तुला फुली धुरकटच दिसत होती?"

"मला धुरकट दिसलं तरी लागते गोळी. तुम्ही संध्याकाळी एकटेच रायफल घेऊन बसता, दुर्बिणीला शिव्या देता, ते ऐकवत नाही मला. म्हटलं, एकदा तरी नीट दिसू दे."

मला रडू आले. तिथे रेगीना होती तरी आले. मी त्याच संध्याकाळी एक गेम्सबोक पाडला, खांद्यामागे, जिथे फुली होती तिथेच. रात्री सगळ्यांनी तो खाल्ला, रेगीनाने दोनदा घेतला. रायफल गाय आहे असे ती पुन्हा म्हणालेली नाही.

तेव्हा रायफल, तिच्या गोळ्या आणि ती दुर्बीण आल्विनाची. गेर्सनने दावा सांगू नये. त्याच्या दुर्बिणीतून त्याने चंद्र बघावा.

हे वळे माझ्या जिवंतपणी कोणी हलवू नये, असे मी या कलमात लिहिणार होतो. मसुद्यात तसे लिहिलेही होते. पण धुरकट फुली घेऊन झुडपात शिरणाऱ्या मुलीच्या समोर उद्या जखमी जनावर येईल, आणि तिच्या शेजारी मी नसेन. म्हणून आज सकाळी मी तिला गोठ्याच्या भिंतीसमोर बसवले. नको नको म्हणत होती, तरी बसवले. नखाच्या रंगाचा ठिपका खरवडून काढला, वळे माझ्या हाताने फिरवले आणि तिला विचारत गेलो, आता? आता? ती बऱ्याच वेळाने 'हं' म्हणाली.

मग मी त्यातून एकदा पाहिले. फुली केसाळ दिसली. रायफल तिची झाली याला आणखी पुरावा लागत नाही.

वरील मजकूर शाळेचे मास्तर अल्फोन्स यांनी माझ्या सांगण्यावरून लिहिला, मला वाचून दाखवला, आणि नंतर मी तो चष्मा लावून स्वतः वाचला. बरोबर आहे.

ठिकाण: ओकाकारारा
तारीख: ९ नोव्हेंबर २०१९

सही: एवाल्ड कावारी

साक्षीदार:
१. फिलिपुस गानुसेब, माग काढणारा (सही माझ्यासमोर झाली. चष्मा खरोखर लावला होता.)
२. अल्फोन्स हेंगारी, शिक्षक