यू-टर्नवरचे निळे ड्रम

सोमवार, ३ नोव्हेंबर
आज सकाळी आयुष्य बदललं. बेलापूरला, ऑफिसांसमोरच्या यू-टर्नवर. नेहमीचा जाम. रुतिकाची स्कूटी माझ्या शेजारीच अडकलेली. हेल्मेटची काच वर करून म्हणाली, निकेश, हे ट्रॅफिक कधी सुटनार रे? गावात एवढी पोरं, विचारलं मला. कॉलेज सोडलं म्हणून काय, सिव्हिलची दोन वर्षं डोक्यात आहेतच. जाम संपवणार. मग सरळ तिच्या बाबांकडे, दिनानाथकाकांकडे जाऊन तिला मागणी घालणार.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
हवालदार साळवींनी ट्रॅफिक वॉर्डनची शिट्टी दिली. पगार नाही. बरंच आहे, सेवा दिसते. मी शिट्टी फुंकतो, जाममध्ये थांबलेली रुतिका हसते. आई म्हणाली, येड्या, ती गाड्यांमुले थांबते, तुला बगाया नाय. आईला मासळीपलीकडचं कळत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
रिक्षावाल्याची कॉलर धरली. साळवी म्हणाले, हात खिशात ठेव. उद्यापासून एकदम शांत.

बुधवार, १२ नोव्हेंबर
आज दोन कॉलरी.

सोमवार, १७ नोव्हेंबर
सापडलं! सगळा घोळ त्या यू-टर्नचा. बाबांच्या होडीवरचे निळे ड्रम आडवे लावून तो बंदच केला, ड्रम जाळ्याच्या दोरीनं बांधले. कोळ्याची गाठ, कुणाच्या बापाला सुटायची नाही. रस्ता ओहोटीच्या पाण्यासारखा वाहिला. साळवी म्हणाले, शाब्बास इंजिनिअर!

बुधवार, १९ नोव्हेंबर
रुतिका आता थांबतच नाही. पुढच्या पुलाखालून वळून सुसाट जाते. म्हणजे काम आवडलं. थोडा जाम ठेवायला हवा होता का? छे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
दोन दिवस दिसली नाही. ताप असेल. काकांच्या दारात मांडव घालतायत, पूजा असेल. आई काहीतरी सांगायला आली. म्हटलं, डोकं नको खाऊ.

गुरुवार, २७ नोव्हेंबर, दुपार
कळंबोलीकडून फुलं लावलेल्या चार गाड्या आल्या. गावात वळायचं होतं. ओरडलो, पुढून फिरून या! पुढे पुलाखाली ट्रेलर बंद पडलेला. एक म्हातारी उतरली, हात जोडून म्हणाली, बाला, साखरपुड्याचा मुहूर्त टलेल रे. गलबलून आलं. असा दिवस माझाही येणार. चारही बाजू थांबवल्या. आवळलेली गाठ, नखं तुटली, पण सोडली. नवरामुलगा काच खाली करून थँक्यू दादा म्हणाला. केयूर नाव. चांगला वाटला. विचारलं, कोणाकडे? म्हणाला, दिनानाथ पाटलांकडे, रुतिकाच्या.
शिट्टी फुंकायची राहिली. हात मात्र पुढे चला, पुढे चला करत होता. शेवटची गाडी जाईपर्यंत.

संध्याकाळ
मुहूर्त साधला म्हणे. मी नसतो तर टळला असता.
रुतिकानं आईकडे पेढे दिले. सांगितलं, निकेशदादामुळं सगळं वेळेवर झालं.
दादा.
गाठ परत मारली नाही. हॉर्न घरापर्यंत ऐकू येतायत. साळवींचा फोन वाजून वाजून थांबला. आई नुसती म्हणाली, दोन घास खा. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.
शिट्टी खिळ्याला लावली. ड्रम आणायला हवेत, बाबांना उद्या होडीवर लागतील. निघतो. दार ओढून घेतो, हॉर्नचा आवाज आत नको.