फोटोतली काळी जागा

तांडा, पोहरादेवीजवळ
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

प्रिय करणभिया,

जय सेवालाल. तुला, स्नेहावहिनीला आणि आपल्या बाला नमस्कार. आम्ही मायलेकी, याडी आणि मी, इथे बऱ्या आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तेही लिहिते.

फोन असताना निता कागद कशाला खराब करते, असं वहिनी म्हणेलच. पण तुमच्या ऊसतोडीच्या कोपीत फोन लागला की बा तो स्पीकरवर टाकतो आणि याडीच्या पोटाची हालहवाल अर्ध्या सांगली जिल्ह्याला कळते. मागच्या वेळी मी "शौचाला" एवढा एकच शब्द बोलले, तर मागून कोणीतरी खणखणीत आवाजात विचारलं, "पतली का घट वं?" मला इतका राग आला की मी फोनच ठेवला. म्हणून हे पत्र. बाबूसिंग मेव्हण्याच्या लग्नाला आला होता, तो परत कारखान्यावर चालला आहे. पत्र फक्त करणच्या हातात दे, असं त्याला तीनदा बजावलं. बाच्या हातात गेलं तर तो ते कोणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेईल.

तूर निघाली. हरभरा बरा आहे. शेळीला दोन पिल्लं झाली, त्यातलं एक काळं, पोट सुटलेलं आणि सारखं ओरडणारं आहे. याडीनं त्याला तुमच्या मुकादमाचं नाव दिलं. कारंज्याहून राजूचा रोज फोन येतो, बायको कधी परत येणार म्हणून. खरं तर माझ्या नवऱ्याला तिखटाचा डबा सापडत नसतो.

अकोल्याचं तू फोनवर तुटक तुटक ऐकलंस, म्हणून नीट सांगते. रक्त पडतं, वजन उतरलं, हे पाहून डॉक्टर पहिल्या दिवशीच म्हणाले की दुर्बिणीनं आतडं तपासू. दुर्बीण कुठून घालतात हे कळताच याडी खुर्चीवरून उठली. "सोमलाले बी नळी घातली होती," ती म्हणाली. "म्हयना नाही निंगाला." सोमलाकाकाला आधीपासूनच कॅन्सर होता आणि तो वर्षभर घरात लपवून बसला होता, हे मी तिला कितीदा सांगितलं. रोग रेड्याला आणि डाग पखालीला, तसं तांड्याचं आहे. नळीनं माणूस मरतो हे आपल्याकडे पक्कं झालं आहे.

डॉक्टर चांगले निघाले, चिडले नाहीत. दुसरा रस्ता आहे म्हणाले. सीटीसाठी शिरेतून जे औषध द्यावं लागलं असतं ते याडीच्या किडनीला झेपलं नसतं, म्हणून आतड्यांचा एमआरआय सुचवला. नळी नाही, टोचाटोची फार नाही. पण त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, "फोटोत सूज दिसेल, भिंत जाड झाली का ते दिसेल, वाट अरुंद झाली का ते दिसेल. पण फोटोला हात नसतात. तुकडा काढून तपासायची वेळ आली, तर दुर्बीणच घालावी लागेल."

"हात नसतेत त लय चांगलं हाय," याडी म्हणाली. डॉक्टरही हसले.

फोटोच्या दिवशी तिला कसलंसं गोडसर पाणी प्यायला दिलं, घोट घोट करत बादलीभर. ती त्या पाण्याला आणि मला सारख्याच शिव्या देत प्यायली. मग तिथली मदतनीस पोरगी आली आणि म्हणाली, "आजी, अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवा. मशीन म्हणजे मोठं चुंबक आहे." गळ्यातलं, पायातलं काढायचं हे आम्हाला ठाऊक होतं. ते याडीनं मुकाट्यानं काढलं. मग त्या पोरीनं तिच्या कानशिलाकडे बोट दाखवलं, केसांत गुंफलेल्या लोंबत्या दागिन्याकडे, घुगरीकडे.

तुला तर माहीत आहे. नवरा गेला की तांड्यातल्या बायका बाईची जी पहिली गोष्ट उतरवतात, ती घुगरी. आजीची उतरवली तेव्हा आपण दोघं दारामागे उभे होतो. त्या पोरीला बिचारीला हे कुठून कळणार? याडीनं दोन्ही हात कानशिलांवर दाबून धरले. मी म्हटलं, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, लगेच परत घालू. ती म्हणाली, "तुह्या बाले फोन लाव. थो हो म्हनंन त काढतो." मी लावला. लागला नाही. तुम्ही उसाच्या फडात होतात. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आमच्यामागे नंबर लागलेले लोक चुळबुळ करायला लागले.

मग ती संडासात गेली. बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा केस मोकळे होते, आणि सगळं ओढणीत बांधून तिनं माझ्या मांडीवर ठेवलं. भिया, तिची उघडी कानशिलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. घुगरीखाली कधी ऊनच न लागलेले दोन पांढरट पट्टे होते. मला भीती वाटली. कशाची ते तेव्हा सांगता आलं नसतं.

पुढचं तुला माहीत आहे. फोटो झाला, आम्ही आलो, आणि याडीनं फोनवर सांगितलं की फोटो साफ निघाला. बानं तुमच्या टोळीत गूळ वाटला म्हणे. चांगलं केलं.

आता थांबते. याडीला ताक द्यायचं आहे, पिते का पाहते.

शनिवार सकाळ

बाबूसिंगचं निघणं उद्यावर गेलं, म्हणून पत्र पुन्हा उघडलं. कालचं वाचलं. त्यात एकही वाक्य खोटं नाही, आणि तरीही सगळं मिळून खोटं झालं आहे. आता नीट लिहिते. तू वहिनीजवळ बसून वाचत असशील तर उठ आणि बाजूला जाऊन वाच.

फोटो साफ नव्हता. दिसला तेवढा भाग बरा होता. डाव्या बाजूला खाली, मोठं आतडं शेवटचं वळण घेतं तिथे, नुसती काळी जागा आली आहे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. चित्रावर कोणी शाईचा अंगठा उमटवावा तशी. डॉक्टर म्हणाले, धातू जवळ असला की असं होतं. त्यांनी याडीला विचारलं, पोटात कुठे क्लिप बसवली आहे का, काही ऑपरेशन झालं आहे का? याडी पट्कन म्हणाली, "हो, नसबंदीच्या कॅम्पात झालं होतं ना." डॉक्टरांना ते पटलेलं दिसलं नाही. पण कारण काहीही असो, म्हणाले, रक्त बहुतेक याच जागेतून येत असेल आणि नेमकी तीच आपल्याला दिसली नाही, तेव्हा आता दुर्बीण टाळू नका. याडीनं मान हलवली. बाहेर आल्यावर बाचा फोन आला, तो तिनं माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, साफ हाये. मी शेजारीच उभी होते. तुमच्याकडचा तो आनंदाचा गलबला ऐकून मी फोन परत मागितलाही नाही.

मलाही ते नसबंदीचं खरं वाटलं होतं. मग संक्रांतीच्या दिवशी तिला न्हाऊ घालत होते. डाव्या कमरेखाली, परकराची नाडी बसते तिथे, रुपयाएवढा भाजल्याचा डाग दिसला. काळपट, कडेला सोललेला.

"हे काय वं?"

"चुलीचा चटका बसला."

"कमरेले? चुलीवर फुगडी खेलत होती काय?"

एरवी ती मला पाण्याचा तांब्या फेकून मारते. या वेळी तांब्या खाली ठेवला. पाटावर बसून राहिली, पाठमोरी. मग हळूच म्हणाली, "एक घुगरी म्या संग नेली होती. नाडीत बांधून, चिंधीत."

त्या पोरीनं गळा पाहिला, कान पाहिले, हात पाहिले. परकर काढायला याडीनं नकार दिला, आणि म्हाताऱ्या बाईची लाज म्हणून पोरीनं सोडून दिलं. ती एक घुगरी कमरेला घेऊन आपली आई त्या नळकांड्यात झोपली. मी विचारलं, भाजत होतं तर हातातला रबरी फुगा का दाबला नाहीस, त्रास झाला तर मशीन थांबवायला तो दिला होता ना? ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते. "नवरा जिता हाय माहा. सबन उतरून आतमंदी जाऊ काय? तुहा बा तिकडं उसाच्या गाडीवर चढून राह्यला असंन, दोर बांधून राह्यला असंन. अन् मी इकडं उघडी? एक तरी अंगाले पाह्यजे. गरम झालं थे खरं. म्या म्हनलं, देवीनं हात ठेवला."

मी ओरडले तिच्यावर. खूप ओरडले. मग तिच्या ओल्या पाठीवर डोकं टेकून रडले. तिनं मला कोणालाही न सांगण्याची शपथ घातली.

आता आजची गोष्ट. सोमवारपासून तिचं पोट ढोलकीसारखं ताठ झालं आहे. दोन घासांवर तिसरा जात नाही. दोनदा उलटी झाली. शौचाला होतं ते सुतळीएवढं बारीक. शाळेमागे रेंज येते तिथून मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, वाट बंद होत चालली आहे असं वाटतं. आता दुसरा फोटो काढत बसायला वेळ नाही, गुरुवारी दुर्बीण करू. आणि त्याआधी वायू सरकणं बंद झालं किंवा उलटी थांबेना, तर गाडी करा आणि त्याच क्षणी घेऊन या.

दुर्बिणीच्या वेळीही अंगावर धातू ठेवू देत नाहीत, मी विचारून घेतलं. आणि याडी आता दुर्बिणीला नाही म्हणत नाही, हे तुला खोटं वाटेल. लाज संपली तिची, इतकं दुखतं. ती अडून बसली आहे ती घुगरीवर. म्हणते, "एकदा उतरोली त हे असं झालं. पुन्हा उतरोली त तुहा बा जाईन. मलेच जाऊ दे पयले, अंगावर सबन घालून." आपली आई मरायला तयार आहे, भिया, पण बाच्या मागे राहायला तयार नाही. माझ्या बोलण्याचा उपयोग नाही, डॉक्टरांच्याही नाही. पोहरादेवीच्या महाराजांना आणलं तरी होणार नाही.

बाला घेऊन ये. बुधवारच्या आत. मुकादम आरडाओरडा करेल, करू दे. बाला तिच्यासमोर उभं राहू दे, धडधाकट, जसा आहे तसा, आणि त्यानं आपल्या हातानं तिची घुगरी काढावी. सगळ्या तांड्यासमोर काढावी. असा रिवाज आपल्यात नाही हे मला माहीत आहे. जित्या नवऱ्यानं स्वतः उतरवली तर तिला कोण काय म्हणणार? आणि म्हणालं तर मी आहेच इथे, माझी जीभ तुला ठाऊक आहे. बाला फडात काही सांगू नकोस, गाडीत बसल्यावर सांग. तो रडेल, रडू दे. इथे पोचेपर्यंत त्याचं रडून झालेलं पाहिजे.

एक गोष्ट कालही लिहिली नाही आणि आत्ताही वर नुसती उरकून टाकली. शपथ कोणाची ते सांगितलं नाही. याडीनं मला स्वतःची घातली असती तर मी तिथेच मोडली असती. तिलाही ते माहीत होतं. तिनं तुझी घातली. ओल्या हातानं माझा हात धरून म्हणाली, "कोनालेबी सांगशीन, त करणचं मेलेलं तोंड पाहशीन." आणि मी ते मोडून तुलाच लिहिते आहे. मी बी.एस्सी. झालेली बाई, असलं काही मानत नाही. कालपासून स्वतःला हेच सांगते आहे.

तरी एवढं ऐक. उसाच्या ट्रकवर बसून येऊ नकोस, ट्रॅक्टरवरही नाही. एसटीनं ये, मधल्या सीटवर बस. फाट्यावर कोणाच्या मोटारसायकलवर बसू नकोस, मी ऑटो पाठवते. पोचल्यावर फोन करतो म्हणू नकोस. निघताना कर, आणि वाटेत गाडी थांबेल त्या प्रत्येक स्टँडवर कर. मी शाळेमागे उभी राहीन.

तुझी शपथ मोडलेली बहीण,
निता